अपघाताचा दोष कोणाच्या माथी

1922 साली बाल्टिमोर शहराने पंचवीस फूट उंचीचा एक स्मारकस्तंभ उभारला. लाकूड आणि प्लास्टरचा, तात्पुरता. पहिले महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती आणि अमेरिकेतल्या गावोगावी सैनिकांची स्मारके उभी राहत होती, पण हा स्तंभ सैनिकांचा नव्हता. आदल्या वर्षभरात शहरात अपघातांत गेलेल्या 130 मुलांचा तो होता, आणि त्याच्या समारंभाला खुद्द महापौर हजर होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हजारो शाळकरी मुलांचा मोर्चा निघाला. त्यातली एक मोठी तुकडी आदल्या वर्षी दगावलेल्या मुलांच्या जागी चालत होती. शहरांना त्या काळी हे मृत्यू सार्वजनिक दुःख वाटत होते आणि गुन्हेगार कोण याविषयीही फारशी शंका नव्हती: मोटार आणि मोटार हाकणारा. आज अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसे मरतात. शहराने त्यांच्यासाठी स्तंभ उभारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. या दोन काळांच्या मध्ये जे घडले त्याचा उलगडा सहसा दोन वाक्यांत केला जातो, की देश मोठा आणि लोकांना मोटारीचे वेड. मला तो उलगडा अपुरा वाटतो. मधल्या शंभर वर्षांत तिथे एकच भांडण पुन्हा पुन्हा झाले, ते म्हणजे माणूस मेला तर दोष कोणाचा. त्या भांडणाचा निकाल ज्या बाजूने लागला त्यावरून रस्ते कसे बांधायचे, गाड्या कशा घडवायच्या आणि कोणाचा जीव वाचवायचा हे ठरत गेले.

मोटार येण्यापूर्वीचा अमेरिकी रस्ता आपल्या ओळखीचा होता. घोडागाड्या, ट्राम, फेरीवाले, खेळणारी मुले आणि कुठूनही कुठे जाणारी माणसे, सगळ्यांची त्यावर सारखीच वहिवाट होती. न्यायालयेही सर्वसाधारणपणे हेच धरून चालत की पायी जाणाऱ्याचा रस्त्यावर वाहनाइतकाच हक्क आहे, आणि ज्याच्या हाती जड व वेगवान यंत्र आहे त्याने जास्त जपून वागायचे. 13 सप्टेंबर 1899 रोजी न्यूयॉर्कमध्ये हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्राममधून उतरत असताना विजेवर चालणाऱ्या टॅक्सीखाली आले आणि दुसऱ्या दिवशी वारले. मोटारीने मारलेला अमेरिकेतला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद आहे. पुढे 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, 850 डॉलरची. 1920च्या दशकात तिची किंमत तीनशे डॉलरच्या खाली उतरली. गाड्या लाखांनी वाढल्या. त्या एका दशकात मोटार अपघातांत दोन लाखांहून अधिक माणसे मेली. शहरांत मरणाऱ्यांत बहुतेक पायी चालणारे होते, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. वर्तमानपत्रांच्या व्यंगचित्रांत मोटार म्हणजे बळी मागणारा दैत्य असायचा. नियम काय असावा हेही लोकांना स्वच्छ दिसत होते: यंत्र धोकादायक आहे, तर यंत्राला वेसण घाला.

सिनसिनाटीच्या नागरिकांनी 1923 मध्ये नेमके हेच करायचे ठरवले. शहरातल्या प्रत्येक मोटारीला वेगमर्यादक बसवावा, म्हणजे ताशी पंचवीस मैलांच्या वर गेली की इंजिन आपोआप आवरले जाईल, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर चाळीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. इतक्या सह्यांमुळे प्रस्ताव थेट मतदानाला गेला. मोटारउद्योगाला खरी धडकी भरली ती इथे. पंचवीस मैलांनी धावणाऱ्या गाडीत घोडागाडीपेक्षा विकण्यासारखे असते तरी काय? विक्रेते, मोटार क्लब आणि कारखानदार एकत्र आले, प्रचारावर पैसा ओतला आणि नोव्हेंबरात प्रस्ताव दणदणीत मतांनी पाडला. हा पराभव मला त्या इतिहासातला खरा सांधा वाटतो. उद्योगाने त्यातून एक धडा घेतला, की अपघात वेगामुळे होतो ही समजूत टिकली तर धंदा टिकणार नाही. तेव्हा अपघाताचे कारण वेगात नसून बेफिकिरीत आहे, आणि बेफिकीर पायी चालणाराही असू शकतो, हे लोकांच्या मनावर ठसवणे भाग होते.

ते काम पद्धतशीर झाले. रस्त्यात मनाला येईल तिथून चालणाऱ्याला त्या वेळच्या अमेरिकी बोलीत ‘जेवॉकर’ म्हणत. गावंढळ, शहरात वावरायची अक्कल नसलेला, असा त्यातला टोमणा. 1912 मध्ये कॅन्सस सिटीने असे चालणे बेकायदा ठरवले होते, पण बहुतेक शहरांत लोक अशा नियमांना जुमानत नव्हते आणि पोलिसांनाही आयाबायांना चौकात अडवायचा संकोच होता. म्हणून दंडाआधी हसे करण्याची मोहीम निघाली. बॉय स्काउट मुले चौकात उभी राहून ‘चुकीच्या’ ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या हातात कार्डे देत, आणि सुरक्षा सप्ताहात विदूषक जेवॉकर बनून रस्त्यात धडपडत. शाळांतल्या सुरक्षाशिक्षणात मोटार क्लबांनी शिरकाव केला, आणि रस्ता गाड्यांचा आहे, आपण तो परवानगीने ओलांडायचा, हे मुलांना पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. 1925 मध्ये लॉस एंजेलिसने वाहतुकीचा नवा कायदा केला. पायी चालणाऱ्याने चौकातच, आखलेल्या पट्ट्यातूनच ओलांडायचे, सिग्नल पाळायचा. तो लिहिणारे मिलर मॅक्लिंटॉक पुढे स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या वाहतूक संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. त्या वेळचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी 1924 मध्ये रस्तासुरक्षेची राष्ट्रीय परिषद बोलावली होती. तिच्यातून नगरपालिकांसाठी जो नमुना कायदा निघाला, त्याने लॉस एंजेलिसचाच कित्ता गिरवला. देशभरातल्या शहरांनी तो उचलला. एका दशकात वहिवाट उलटली, आणि जो रस्त्यावर आधीपासून चालत होता तोच तिथे घुसखोर ठरला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. मोटारीचे आकर्षण खरे होते, ते कोणी लादलेले नव्हते. शेतकऱ्याला गावाचा बाजार जवळ आला, बाईमाणसाला एकटीने बाहेर पडता आले, ट्राम कंपन्यांच्या मनमानीला कंटाळलेल्या शहरवासीयांना सुटल्यासारखे वाटले. मोटार कंपन्यांनी कट करून ट्राम मारल्या ही लोकप्रिय कथाही जशी सांगितली जाते तशी खरी नाही. जनरल मोटर्ससह काही कंपन्यांना 1949 मध्ये शिकागोच्या न्यायालयात शिक्षा झाली खरी, पण ती बसगाड्या आणि सुटे भाग विकण्याची मक्तेदारी रचल्याबद्दल होती, आणि दंडही किरकोळ होता. ट्राम त्याआधीच खंगत चालल्या होत्या. अनेक शहरांत जुन्या करारांनी भाडे पाच सेंटला बांधलेले होते, महागाई मात्र वाढत होती, आणि रुळांवर मोटारी येऊ लागल्याने ट्राम त्यांच्याच गर्दीत अडकून पडत. हे सगळे मान्य केले तरी माझे म्हणणे उलट बळकट होते. मोटार आवडणे वेगळे आणि मोटारीवाचून गत्यंतर नसणे वेगळे. पहिले लोकांनी निवडले. दुसरे धोरणाने घडवले.

ते कसे घडवले याचे कागद उपलब्ध आहेत. 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात जमीनवापराचे विभाग पाडण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे आणि कामाची ठिकाणे तिसरीकडे अशी शहरे वाढू लागली. त्या निकालाच्याही आधी कोलंबस शहराने नव्या सदनिकांच्या इमारतींना पार्किंगची जागा सक्तीची केली होती. ही सक्ती पुढे जवळजवळ प्रत्येक शहरात आणि प्रत्येक प्रकारच्या इमारतीला लागली, म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तोही भाड्यातून आणि वाण्याच्या बिलातून दुसऱ्याच्या पार्किंगचे पैसे भरू लागला. 29 जून 1956 रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याने 41 हजार मैलांचे आंतरराज्य महामार्ग आखले; त्यासाठी केंद्राचे पंचवीस अब्ज डॉलर मंजूर झाले आणि खर्चाचा नव्वद टक्के वाटा केंद्राने उचलायचे ठरले. शंभरातले नव्वद डॉलर वॉशिंग्टनहून येणार असतील तर कोणते शहर ट्रामच्या रुळांवर स्वतःची पै खर्च करेल? महामार्ग शहरांच्या पोटातून गेले, आणि बहुधा जिथे विरोध करण्याची ताकद कमी तिथून गेले. सेंट पॉलमधली रोंडो वस्ती, मायामीतले ओव्हरटाउन, डेट्रॉइटमधले ब्लॅक बॉटम, या कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या होत्या. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अव्हेन्यूच्या मधोमध ओक वृक्षांची दुहेरी रांग होती. तिच्या सावलीत आजूबाजूच्या कुटुंबांची दुपार जायची, मार्डी ग्रासच्या दिवशी तिथे वस्तीची जत्रा भरायची, आणि दुतर्फा त्यांचीच दुकाने होती. 1966 मध्ये ती झाडे तोडली गेली आणि त्या जागी काँक्रीटच्या खांबांवर उन्नत महामार्ग आला.

‘देश मोठा आहे, अंतरे लांब आहेत’ या उत्तराचीही इथेच तपासणी करायला हवी. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अंतर अफाट आहे यात वाद नाही, पण माणूस रोज दूध आणायला लॉस एंजेलिसला जात नाही. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या तीन मैलांच्या आतल्या असतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हेही अवाढव्य देश आहेत आणि तिथेही घरोघरी गाड्या आहेत. तरी लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले रस्त्यांवरचे मृत्यू अमेरिकेच्या निम्म्याहून कमी आहेत. मुलांकडे न्यू जर्सीला किंवा टेक्सासला गेलेल्या मराठी आईवडिलांची तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, की घर ऐसपैस आहे, पण कोणी गाडीतून नेल्याशिवाय भाजीच्या दुकानापर्यंतही जाता येत नाही. ते दुकान कित्येकदा मैलभरावरच असते, पण वाटेत फूटपाथ नसतो.

आता पुन्हा दोषाकडे वळू. पायी चालणाऱ्याला रस्त्याबाहेर काढल्यावरही माणसे मरतच राहिली, फक्त आता अधिकाधिक माणसे गाडीच्या आत मरू लागली. त्यावर उद्योगाचे आणि सुरक्षा परिषदांचे उत्तर तयार होते: चालवणारा बेअक्कल आहे, त्याला शिकवा, दंड करा. गाडी कशी बनली आहे हा प्रश्न जवळजवळ निषिद्ध होता. डेट्रॉइटमधले प्लास्टिक सर्जन क्लेअर स्ट्रेथ 1930च्या दशकापासून सांगत होते, की धडकेत चालकाशेजारी बसलेल्याचा चेहरा डॅशबोर्डवर आपटतो, तिथली धातूची बटणे आणि मुठी कवटीत रुततात. ती काढा, तिथे गादी लावा. स्टिअरिंगचा दांडा अखंड पोलादाचा असे आणि समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसे. हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज दिसत होते. 1956 मध्ये फोर्डने सीटचे पट्टे आणि गादीचा डॅशबोर्ड यांची जाहिरात करून पाहिली, पण त्या वर्षी शेव्हरोलेची विक्री जास्त झाली आणि ‘सुरक्षा विकली जात नाही’ असा निष्कर्ष डेट्रॉइटने सोयीने काढला.

हे कोडे फोडले ते मोटारतज्ज्ञांनी नव्हे, साथीच्या रोगांच्या अंगाने विचार करणाऱ्यांनी. विल्यम हॅडन हे डॉक्टर होते. मलेरिया झालेल्याला डास चावू का दिलास म्हणून कोणी रागे भरत नाही, डबके बुजवतात. अपघातातही इजा करणारी गोष्ट म्हणजे अंगावर एकदम येऊन आदळणारी ऊर्जा, ती वाटेत अडवता येते, अशी त्यांची मांडणी होती. पुढे सिनेटर झालेले डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी 1959 मध्ये याच अंगाने लिहिले. मग नोव्हेंबर 1965 मध्ये राल्फ नाडर या तरुण वकिलाचे, गाड्यांच्या रचनेवर बोट ठेवणारे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. जनरल मोटर्सने त्यांच्या मागे खासगी हेर लावले, ते उघडकीस आले आणि मार्च 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी गाड्यांच्या आणि महामार्गांच्या सुरक्षेचे दोन कायदे केले; ते राबवणाऱ्या यंत्रणेचे पहिले प्रमुख म्हणून हॅडन यांनाच नेमले. नाडर यांनी जनरल मोटर्सच्या ज्या कॉर्व्हेअर गाडीवर झोड उठवली तिला 1972च्या सरकारी चाचणीने तिच्या बरोबरीच्या गाड्यांहून वाईट ठरवले नाही, हे त्यांचे टीकाकार आजही सांगतात आणि ते बरोबर आहे. पण कॉर्व्हेअर हे त्या पुस्तकातले एक प्रकरण होते. दबणारा स्टिअरिंग दांडा, पट्टे, गादीचा डॅशबोर्ड यांविषयीचा मूळ मुद्दा त्याने ढळत नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. 1966 मध्ये दर दहा कोटी वाहन-मैलांमागे साडेपाच माणसे मरत होती. आज तो आकडा सव्वाच्या आसपास आहे. 1972 मध्ये 54 हजारांहून अधिक मृत्यू झाले होते. 2011 पर्यंत गाड्या आणि मैल कितीतरी वाढूनही ते 32,479 वर आले.

यावर कोणी म्हणेल की सगळे श्रेय यंत्राला कशाला, माणसेही सुधारली. सुधारली खरी. दारू पिऊन गाडी चालवण्यामुळे होणारे मृत्यू 1980च्या दशकाच्या सुरुवातीच्या मानाने जवळपास निम्म्यावर आले, आणि त्यामागे 1980 मध्ये मृत मुलांच्या आयांनी सुरू केलेली चळवळ होती. पण त्या आयांनी फक्त उपदेश केला नाही. दारू पिण्याचे वय एकवीस करणारा कायदा 1984 मध्ये करून घेतला. पट्टा बांधण्याची सक्तीही त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यापासून सुरू झाली. त्याआधी 1974 मध्ये तेलटंचाईमुळे देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आली, तेव्हा एका वर्षात मृत्यू 54 हजारांवरून 45 हजारांवर उतरले. लोक प्रवासही कमी करत होते, म्हणून सगळे श्रेय वेगाला देता येणार नाही, पण सिनसिनाटीच्या त्या सह्या करणाऱ्यांना जे कळत होते त्याचा हा मोठा पुरावा होता. 1995 मध्ये काँग्रेसने ती मर्यादा उठवली.

मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारा भाग यापुढचा आहे. 1966 ची दृष्टी गाडीच्या काचेपाशी थांबली. आत बसलेल्याला कायद्याने पट्टा दिला, हवेची पिशवी दिली. बाहेरच्याला 1925 चाच नियम राहिला. 2009 मध्ये चार हजारांच्या थोडे वर पादचारी मेले होते; 2022 मध्ये हा आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला. मोबाइलमध्ये डोके घालून चालणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण मोबाइल युरोपातही आहेत आणि त्याच काळात तिथले पादचाऱ्यांचे मृत्यू घटले. अमेरिकेत वेगळे काय होते ते रस्त्यावर पाहिले की कळते. इंधनबचतीच्या 1975च्या कायद्याने पिकअप आणि त्या जातीच्या गाड्यांना सैल निकष दिला, कारण त्या शेतीच्या आणि कामाच्या मानल्या गेल्या. कारखान्यांनी त्याच सवलतीत घरगुती एसयूव्ही बसवल्या, आणि आज नव्या विक्रीतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त गाड्या या वर्गातल्या आहेत. सपाट, छातीइतक्या उंच नाकाची गाडी मोठ्या माणसाला पायांवर नव्हे, धडावर आदळते. मूल तर तिच्या नाकासमोर असले तरी चालकाला दिसत नाही. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये दाखवले, की चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने तीस इंचांच्या आतल्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचाऱ्याला मारण्याची शक्यता सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी जास्त असते. युरोप आणि जपानमध्ये गाडीचे नाक बाहेरच्या माणसाला कितपत इजा करते याची सक्तीची चाचणी कित्येक वर्षे आहे. अमेरिकेत ती नव्हती.

रस्त्यांचे तेच. बहुतेक पादचारी उपनगरांतल्या रुंद, चार-सहा पदरी रस्त्यांवर, रात्री, चौकापासून दूर मरतात. त्या रस्त्यांवर दुकानेही असतात, बसथांबेही, आणि वेग महामार्गासारखा. वेगमर्यादा ठरवण्याची तिथली जुनी रीत अशी, की शंभरातले पंच्याऐंशी चालक ज्या वेगात किंवा त्याहून हळू जातात तो वेग मापून फलक लावायचा; म्हणजे रस्ता भरधाव जाण्यासाठी बांधायचा आणि मग भरधाव जाणाऱ्यांनाच प्रमाण मानायचे. क्रॉसिंगला सिग्नल हवा असेल तर ठराविक संख्येने लोक आधीच तिथून ओलांडत असल्याचे दाखवावे लागते. 2010 मध्ये अटलांटाजवळ एक आई तीन मुलांसह बसमधून उतरली. घर समोर, रस्त्यापलीकडे होते. सर्वात जवळचे क्रॉसिंग कित्येक मिनिटे चालण्याच्या अंतरावर होते. इतर प्रवाशांबरोबर तीही तिथूनच निघाली आणि तिचा चार वर्षांचा मुलगा गाडीखाली गेला. चालक दारू आणि वेदनाशामक औषध घेऊन गाडी चालवत होता आणि पूर्वीही धडक देऊन पळाल्याबद्दल दोषी ठरलेला होता. तरी ज्युरींनी मुलाच्या मृत्यूबद्दल आईला दोषी ठरवले, आणि चालकाला झालेल्या सहा महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त शिक्षा तिला होऊ शकत होती. न्यायाधीशांनी तिला तुरुंगात पाठवले नाही, पुन्हा खटल्याची मुभा दिली. शेवटी बेकायदा रस्ता ओलांडल्याच्या दंडावर प्रकरण मिटले. बसथांबा तिथे आणि क्रॉसिंग दूर कोणी ठेवले, त्याच्यावर खटला झाला नाही.

अलीकडे हे पुन्हा हलू लागले आहे. व्हर्जिनियाने 2021 मध्ये निव्वळ जेवॉकिंगसाठी पोलिसांनी अडवण्यास मनाई केली, कॅलिफोर्नियाने 2023 पासून धोका नसताना ओलांडणाऱ्याला दंड करणे बंद केले, 2024 मध्ये न्यूयॉर्क शहरानेही तेच केले. विरोधकांना भीती वाटते की याने लोक बेदरकार होतील. पण ज्या शहरात सगळेच लोक जमेल तिथे ओलांडत होते तिथे तो कायदा सुरक्षेचे काम करतच नव्हता. दंडाच्या पावत्या बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो माणसांच्या हातात पडत होत्या. कायदा रद्द करून रस्ता मात्र अरुंद होत नाही. ते काम न्यू जर्सीतल्या होबोकनने केले. चौकापासून पंचवीस फुटांत गाडी उभी करू नये हा राज्याचा नियम जुनाच होता, कोणी पाळत नसे. होबोकनने त्या जागेत खांब, सायकलींचे स्टँड आणि झाडांच्या कुंड्या रोवल्या, त्यामुळे तिथे गाडी उभी राहूच शकत नाही आणि वळणाऱ्या चालकाला ओलांडणारे मूल आधीच दिसते. वेगमर्यादा वीस मैलांवर आणली. 2017 पासून पुढे कित्येक वर्षे त्या शहरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. होबोकन जेमतेम सव्वा चौरस मैलाचे, दाट वस्तीचे आणि सुखवस्तू गाव आहे, त्याचे उदाहरण टेक्सासला लागू नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. दाट वस्तीत हे सोपे जाते हे मान्य. पण चौकात नजर मोकळी ठेवणारा खांब ह्यूस्टनमध्येही तितक्याच पैशांत बसतो. अडचण वेगळीच आहे: जिथे सर्वाधिक माणसे मरतात ते रुंद रस्ते बहुधा शहराच्या ताब्यात नसतात, राज्याच्या रस्तेखात्याच्या असतात, आणि त्या खात्यांची कामगिरी आजही मुख्यतः गाड्या किती सेकंद थांबल्या यावर मोजली जाते.